मोरीचा उतार

आमच्या राजुरीच्या घरातली मोरी ही माझ्या बायकोची वैरीण. स्वयंपाकघराला लागून, चार बाय पाच फुटांची, खाली शहाबादी फरशी. त्या फरशीवर असं शेवाळ धरायचं की उभ्याने अंघोळ म्हणजे डोंबाऱ्याची कसरत. मागच्या दिवाळीला बायको चार दिवस घरी आली आणि पहिल्याच दिवशी मोरीत घसरली. गुडघा असा सुजला की फराळाचं ताट मला खाटेवर नेऊन द्यावं लागलं. जाताना तिने जाहीर केलं, "त्या मोरीत मी आता पाय ठेवनार न्हाई. मोरी सुधरा, मग बोलवा."

'घरी आली', 'जाताना' असं लिहितोय, त्याचं कारण सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी आम्हाला नात झाली. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, म्हणून बायको दोन महिन्यांसाठी पुण्याला गेली. ते दोन महिने अजून चालू आहेत. मी इथे कांदा आणि दोन गाई सांभाळतो. गाई कुणावर सोपवून जायच्या म्हटलं तर त्या परक्या हाताला दूध चोरतात, आणि मी पुण्यात दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चुकीच्या मजल्यावर उतरून भलत्याच घराची बेल वाजवतो.

तर, "मोरी सुधरा, मग बोलवा." दुसऱ्या एखाद्याने हे रागाचं बोलणं धरलं असतं. मी ते वचन धरलं. मोरी झाली की बायको परत येणार, असा सरळ हिशेब मी मनात करून टाकला.

गवंडी मिळेना. ज्याला विचारावं तो बंगल्याच्या कामावर. एक जण म्हणाला, "परवा येतो भाऊ," आणि त्याचा परवा काही उजाडला नाही. मोबाइलवर मात्र एक माणूस 'दोस्तों' म्हणत दहा मिनिटांत अख्ख्या बाथरूमची फरशी बदलत होता. तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला की मला माझा हात गवंड्याचा वाटायला लागला.

जुन्नरला फरशीच्या दुकानात गेलो. दुकान एका चाचांचं. म्हटलं, "चाचा, पाय घसरणार नाही अशी खरखरीत फरशी द्या. चार बाय पाचची मोरी आहे."

"गवंडी कोन हाय?"

"मीच."

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग आठ फरश्या जास्तीच्या न्या."

मला राग आला. मी दोनच जास्तीच्या घेतल्या. सहा फुटल्या. चार आणायला परत गेलो तेव्हा चाचांनी त्या बाजूला काढून ठेवलेल्या दाखवल्या.

सिमेंटबरोबर मी पाणसळही आणली होती. हातभर पट्टी, मधल्या काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. पण मोरी सपाट करून चालत नाही, पाणी भोकाकडे जायला उतार पाहिजे, एवढी अक्कल मला होती. मी पट्टी ठेवून बुडबुडा कुठे पळतो ते बघत, सिमेंट-वाळूचा माल खाली-वर करत बसलो. बुडबुडा भोकाच्या दिशेला सरकला, तेव्हा मला दोन दिवसांच्या कंबरदुखीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

शेजारी बेल्ह्याच्या बाजारातून नुकताच परतला होता. बाजारात बैलाला फेरी मारतात तशी त्याने मोरीच्या दाराशी इकडून तिकडून मान फिरवली.

"काय राव, उतार कुनीकडं दिलाय?"

"भोकाकडे. हे बघ, बुडबुडा तिकडेच चाललाय. पाणी पण तिकडेच जाणार."

त्याने डोकं खाजवलं. "मला तर उलटंच दिसतंय. पन मशीनच सांगतंय म्हनल्यावर आपुन कोन?" आणि तो गेला.

पाणी ओतून बघायला कितीसा वेळ लागला असता! पण नव्या मोरीत पहिलं पाणी तिचं पडावं अशी माझी हौस. मी गोठ्याच्या टाकीवर अंघोळ करत राहिलो.

भावकीत लग्न निघालं आणि बायको तीन दिवसांसाठी आली. मी नवी बादली, नवा मग, सगळं मांडून ठेवलं होतं. तिने फरशीवर तळवा घासून बघितला. "बरी हाय की!" हे तिच्याकडचं मोठं प्रशस्तिपत्र. मी स्वयंपाकघरात चहा ठेवून ऐटीत बसलो.

थोड्या वेळाने आतून हाक आली, "आवो!"

तोवर मला हाकेची गरज उरली नव्हती. दाराच्या फटीखालून साबणाचं पाणी येत होतं. येताना त्याने तिच्या चपला उचलल्या, ओट्याखालून वळण घेतलं आणि पिठाच्या डब्याला गाठलं. मी गोणपाट घेऊन धावलो आणि त्या पाण्यावर स्वतःच आडवा झालो.

बायको ओल्या केसांनी बाहेर आली. मला बघितलं, पाणी बघितलं आणि भिंतीला धरून हसत सुटली. फोनवर तिचं हसू अर्धवट तुटतं, नाहीतर मध्येच नात फोन ओढते. हे पुरं होतं. मी उठायची घाई केली नाही.

मग तिने उंबऱ्यात बसून तांब्याभर पाणी मोरीत हळू ओतलं. पाणी माझ्याकडे आलं.

"आवो, जल्मभर दारं धरलं ना तुमी? पानी कुनीकडं जानार, डोळ्याला दिसत न्हाई?"

"अगं, बुडबुडा भोकाकडे..."

"बुडबुडा म्हंजी वारा. वारा वरच्याच अंगाला जानार की!"

एवढं साधं. बुडबुडा उंच बाजूला पळतो, पाणी त्याच्या उलट. ज्या माणसाने तीस वर्षं रानाला पाणी दिलं, त्याने डोळे बाजूला ठेवून नळीतल्या हवेवर विश्वास ठेवला.

दारं धरायचं म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात सोडायचं, वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून ते पुढच्या वाफ्यात वळवायचं. आमच्या रानात मी पाटावर असायचो आणि ती वाफ्याच्या पार टोकाला. पाणी तिच्या पायाला लागलं की ती ओरडायची, "आऽलं!" मी खोरं मारायचो. माझं लक्ष नसलं की दुसरं "आऽलं!" यायचं, त्याच्या मागे माझा उद्धार. ठिबक आलं आणि ते सगळं संपलं. आता कॉक फिरवला की काम झालं. रानात कुणाला हाक मारावी लागत नाही.

लग्न तिने अक्षतांपुरतं उरकलं. बाकीचे दिवस ती प्लास्टिकच्या खुर्चीत, दुखरा पाय पालथ्या बादलीवर टाकून मोरीच्या दारात बसली आणि मी छन्नीने माझीच कारागिरी फोडली. फरश्या उरल्याच नाहीत. ती म्हणाली, "नकोच त्या. साधा सिमिटाचा कोबा करा." मग मी माल पसरत गेलो आणि ती नुसत्या नजरेने सांगत गेली, "डाव्या अंगाला घ्या. आजून. तिथं खळगा ऱ्हायला. तुमच्या मोबाइलवाल्याला बोलवू का?" शेवटी कोबा ओला असतानाच तिने दारातून वाकून खराट्याने दारापासून भोकापर्यंत रेघा ओढल्या. पाय धरून ठेवायला.

तिसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. कोबा ओला, त्यावर पाय ठेवायची सोय नाही. ती दारातूनच बघून गेली. गाडीत बसता बसता म्हणाली, "सात दिस पानी मारा. सकाळ-संध्याकाळ. न्हाईतर चिरा पडत्याल."

आणि माझ्यावर विश्वास नसल्याने ती फोन करायला लागली. एरवी आमचं बोलणं तीन-चार दिवसांनी, तेही नातीच्या परवानगीने. आता सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला. "मारलं का पानी?" "मारलं." मग कुठली गाय किती दूध देते, सोसायटीतल्या बाया भाजीत साखर कशा घालतात, कांद्याला फवारणी झाली का, असं करत दहा मिनिटं. कधी पंधरा.

सातव्या दिवशी ती म्हणाली, "झालं मग. आजपासनं वापरा."

झालं म्हटलं असतं तर पुढचं वाक्य माझं होतं. मग कधी येतेस? आणि त्यावर ती काय बोलली असती ते मला माहीत होतं. नातीला शाळेत घातलं की बघते. मग पहिलीत गेली की बघते. कोबा कच्चा आहे तोवर सगळा दोष सिमेंटचा.

मी म्हणालो, "भोकाजवळचा कोपरा अजून कच्चा वाटतोय गं."

"मारा मग आजून चार दिस."

खरं तर चौथ्याच दिवशी तो कोबा दगड झाला होता. त्या चार दिवसांचे आता पंचवीस झालेत. काल सकाळी तिने विचारलं, "कसला सिमीट आनला व्हता हो?"

"चाचांकडचा. चांगला आहे म्हणाले."

ती म्हणाली, "गोठ्यातली टाकी बांधली तवा आपन धाव्या दिशीच भरली व्हती."

फोनवर तिच्याकडचा मिक्सर तेवढा ऐकू येत होता. मग तीच म्हणाली, "पन ती उन्हातली. सावलीतल्याला येळ लागतो."

"लागतो ना."

"मारा पानी. संध्याकाळी इचारते."

फोन ठेवून मी तांब्या भरला. तिला खोटं सांगायला नको म्हणून पाणी मी खरोखरच मारतो.