बाबागाडीतला वरवंटा

वडप्याची मनाली निवांत बसलीय असं मी कधी बघितलं न्हाय. जेवायला बसली तरी एक गुडघा वर, आत्ता उठू की मग उठू अशी. लग्नाआधी खारबावहून मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला जायची. दिवसभर उभ्यानं काम, येता-जाता चालणं. बाकीच्या पोरी पाय चेपत बसायच्या, ही घरी येऊन वर अंगण झाडायची. लग्न करून वडप्याला आली, पहिली पोर पोटात राहिली आणि काम सुटलं. मग चार भिंती. पुढून हायवेचे ट्रेलर, मागं गोदामाचा पत्रा. त्या पत्र्याच्या जागी पूर्वी सासऱ्यांची भातशेती होती, आता तिथं कुणाकुणाचे फ्रिज आणि टीव्ही झोपतात.

पोर भाविका आईवरच गेली. रांगली थोडी, पळाली जास्त. अडीच वर्षांची झाली तोवर मागून मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलंय काहीतरी, पण सगळे बारकाच म्हणतात. एका दुपारी मनाली बारक्याला पाजत होती, तेवढ्यात भाविका दार ढकलून थेट सर्व्हिस रोडवर. पाण्याच्या टँकरनं ब्रेक मारला तो आवाज अर्ध्या गावानं ऐकला. ड्रायव्हरनं खाली उतरून आधी स्वतःच्या कपाळावर हात मारला, मग आईबहिणीवरून सुरू झाला.

त्याच संध्याकाळी सासूनं, जानकीबाईनं निकाल दिला.

"मोठीला खारबावला पाठव. बारका चालाया लागंपर्यंत तुझी आय सांभालील. माझं गुडघं असं, मी कंय धावू तिच्यामागं?"

नवरा हितेश गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. त्यानं ताटातून डोकं वर न काढता सांगितलं, "आई बोलते त्यात चूक काय? पुढच्या रविवारी मितेशला बोलावतो." मितेश म्हणजे मनालीचा भाऊ.

त्या रात्री मनालीनं नुसत्या कुशी बदलल्या. खारबावला तिचा चुलतभाऊ असाच आजोळी ठेवला होता. परत आला तेव्हा सख्ख्या आईला काकी म्हणायचा. अजून म्हणतो, मिशा फुटल्या तरी. तिला ते नको होतं. दोन्ही पोरं घेऊन मी बाहेर फिरू शकते हे रविवारच्या आत दाखवायचं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

कल्याणच्या नणंदेनं, वैशालीनं, आपल्या पोराची जुनी बाबागाडी पाठवली होती. एका सीटची. सीटवर सशाचं चित्र, एका बाजूचा ब्रेक मोडलेला. ती माळ्यावर पडून होती. मनालीनं सकाळीच ती खाली ओढली.

पहिल्यांदा बारक्याला गाडीत घातलं आणि भाविकाला हाताला धरलं. गल्लीच्या तोंडाशीच भाविकानं हात सोडवला आणि कोंबडीमागं लागली. मग भाविकाला गाडीत पट्ट्यानं बांधलं, बारका कमरेवर. एका हातानं ढकललेली गाडी डावीकडेच वळत राहिली आणि पट्टा तोडायला निघालेल्या पोरीनं किंचाळून गल्ली गोळा केली. तिसऱ्यांदा दोघांनाही एकाच सीटवर कोंबलं. चांगदेवच्या पानटपरीसमोर खड्डा आला, गाडी मागं कलंडली, दोन्ही पोरं पाय वर करून आभाळ बघत पडली.

"अगो मनाली, डब्बल सवारी!" चांगदेव आतून ओरडला. "हवालदार पावती फारील!"

"तुमच्या तोंडातली पिंक सांभाला, काका. शर्टावर आली."

दुसऱ्या दिवशी तिनं सासूचं जुनं लुगडं फाडून झोळी केली, बारक्याला छातीशी बांधला आणि भाविका दमली तर बसेल म्हणून गाडी रिकामीच पुढं घेतली. उंबऱ्यातून हाक आली.

"थांब! रिकामी गारी ढकलतंस?"

"मग काय झालं?"

"रिकामा पालना हालवत न्हाईत. पोराचा पोट दुखतंय."

"आई, हा पाळणा न्हाय. गाडी हाय."

"पोर झोपतंय ना त्यात? मग पालनाच."

जानकीबाई आत गेली आणि पाट्यावरचा वरवंटा उचलून आली. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, मग पोर, तसा तिनं तो सशावर निजवला. वर बारक्याचं टोपडंही घातलं. "आता जा कंय जायाचं त्या."

भाविका जवळ आली. वाकून बघितलं. आमच्याकडं जिभेला ळ आणि ड जड पडतात, गाडीची गारी आणि बाळाचा बालच होतो. "बाल!" ती बोलली. दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरला आणि ढकलायला लागली.

देवळापर्यंत गेल्यावर मनालीच्या ध्यानात आलं, आपण एकदाही 'भाविका, थांब' असं ओरडलो न्हाय. पोर पळालीच न्हाय. पळणार कशी? दोन्ही हात गुंतलेले, आणि बाळाला रस्त्यात टाकून कोण पळतं? शिवाय वरवंट्याच्या वजनानं गाडी कलंडेना. दांड्याला पिशव्या लटकवल्या तरी खाली चिकटून चालायची.

मग काय, मनालीला पाय फुटले. पीठगिरणी, दूधवाला, भाजी. काम नसलं तरी पुलाखालून एक चक्कर. जानकीबाईची मात्र चटणी वाटायची पंचाईत झाली. "वरवंटा कुठाय?" विचारलं की उत्तर यायचं, "फिरायला गेलाय."

शनिवारी बारक्याला भिवंडीला सुई द्यायची होती. हितेश बोलला, "हाफ डे टाकतो, मी येतो."

"नको. मी जाते दोघांना घेऊन."

"माझा बाल पन," भाविका बोलली.

नाक्यावर नूर मोहम्मदची शेअर रिक्षा उभी होती. गाडीची घडी करायची म्हणून त्यानं टोपड्यातलं गाठोडं उचललं आणि त्याचा हात खालीच गेला. "अरे भाभी, ये क्या भरा है? लोखंड?"

"बाल हाय," भाविका बोलली.

त्यानं टोपडं वर करून बघितलं. "माशाल्ला. बाप पे गया है." आणि वरवंटा अदबीनं तिच्या मांडीवर ठेवला.

भिवंडीत तागे लादलेल्या हातगाड्या अंगावर येत होत्या, बाजूच्या गल्लीतून लूमची खडखड, गटारात रंगाचं पाणी. भाविका गाडी ढकलत "हाटो, बाल हाय" करत पुढं, मनाली मागं. दवाखान्यात बारक्याला टोचलं, तो रडून निळा झाला. भाविकानं वरवंटा पुढं केला. सिस्टरनं वर बघितलं, खाली बघितलं आणि त्यालाही कापूस लावला.

परत येताना मात्र वेळ फिरली. वडप्याच्या नाक्यावर उतरून मनालीनं गाडी उघडली, वरवंटा निजवला. सर्व्हिस रोड तिथं हायवेकडं उतरता आहे. बारका तापून जड झालेला, झोळीची गाठ सरकत होती. गाठ बांधायला दोन्ही हात हवे. "भाविका, माझा ड्रेस धर," ती बोलली.

भाविकानं सांगितलं तसं केलं. दांडा सोडला आणि ड्रेस धरला.

एकाच बाजूचा ब्रेक. गाडी जागेवर अर्धी फिरली आणि निघाली.

"पोर! पोर गेलं गाडीतून!" कुणीतरी बोंबललं. लांबून टोपडंच तेवढं दिसत होतं. एका कंटेनरनं ब्रेक दाबला, त्यामागं टेम्पो, मोटरसायकलवाला गटाराच्या काठावर जाऊन थांबला. बसस्टॉपवरची माणसं धावली, रिक्षा टाकून नूर मोहम्मद धावला. शाळा सोडल्यापासून न पळालेला चांगदेव तोंडात पान घेऊन पळाला. गाडी दुभाजकावर आदळली, टोपडं उडालं. चांगदेवनं दोन्ही हात खाली घातले आणि तसाच वाकलेला राहिला.

"च्यायला," तो बोलला. "वरवंटा."

कंटेनरवाला केबिनमधून उतरला, बघितलं, आणि टायरला टेकून खालीच बसला. "बहनजी, हार्ट फेल हो जाता मेरा!" मग कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या, मागून हॉर्न सुरू झाले.

मनाली जागची हलली न्हव्हती. एक हात बारक्याच्या पाठीवर. खाली बघितलं तर भाविकाची मूठ ड्रेसात तशीच होती. सगळा रस्ता पळाला, आणि पळणारी पोर उभी होती.

तोवर कुणीतरी घरी सांगून आलं होतं. जानकीबाई आपल्या गुडघ्यांवर धावत आली, "माझा बारका गो!" करत. बारक्याला झोळीत बघितला. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, भाविकाच्या ठेवला, आणि दुभाजकापर्यंत जाऊन वरवंटा बघितला. टोकाचा टवका गेला होता.

"बघ," ती बोलली. "मी ठेवला म्हनून. जागा रिकामी असती तर पोर घातलं असतंस त्यात."

बारका जड झाल्यापासून मनालीच्या मनात तेच चाललं होतं, त्याला गाडीत घालावं.

संध्याकाळी हितेश बोलला, "आता तरी पटलं ना? उद्या मितेश येतोय."

"ती पळाली न्हाय."

"काय?"

"आख्खा नाका पळाला. ही न्हाय पळाली."

सकाळी उठून हितेश गाडी उलटी करून बसला आणि पक्कड घेऊन ब्रेकला तार आवळायला लागला.

मितेश सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन बाईकवरून आला. भाविकाचे कपडे बांधून ठेवलेले. बाईक बघताच ती आपणहून टाकीवर चढली. चाकं असलेल्या कशावरही ती चढते. मनाली चुलीपाशी, मानही वळवली न्हाय.

"माझा बाल दे," भाविका बोलली.

"कुठला बाळ?"

ती खाली उतरली, आत गेली आणि पाट्यावरून वरवंटा ओढायला लागली. मितेशला हसू आलं. "घेऊ दे की मावशी. दगडच तर हाय. पोरीबरोबर आणून देईन परत."

जानकीबाई ताडकन उठली. "घरातला वरवंटा घराभाईर? पाट्याची जोरी फोरायची? येरा झालास काय?"

"मग ही येणार कशी?"

"मग नको येऊ दे!"

आपण काय बोललो ते तिलाच मागून ऐकू आलं. हितेशची पक्कड थांबली. मनालीनं आता मान वळवली.

"बघताव काय माझ्या तोंडाकरं?" जानकीबाई खेकसली. "पोर वरवंट्याबिगर जात न्हाय, वरवंटा घरातून जात न्हाय. मी काय करू? मितेश, हातपाय धू. जेव आनि जा."

मितेशनं हितेशकडं बघितलं. "दाजी?"

"जेव," हितेश बोलला आणि परत तार आवळायला लागला.

टवका गेलेल्या वरवंट्याची चटणी जाडीभरडीच होते. मितेशच्या दाताखाली लसणीचा खडा आला, त्यानं तो तसाच गिळला. बाकीच्यांचे हात धुवून व्हायच्या आत मनालीनं बारक्याला बांधला होता आणि भाविका रिकाम्या गाडीचा दांडा धरून उंबऱ्यापाशी उभी होती.

"थांब गो, धुवून देते!" आतून जानकीबाई ओरडली. "मिरची लागंल गारीला!"

"मग लवकर द्या," मनाली बोलली. एक पाय उंबऱ्याबाहेर पडलाच होता.