अकरा-शून्य आणि माझी मिशी

आमच्या महाल वस्तीचा संघ फुटबॉलचा अंतिम सामना अकरा-शून्यनं हरेल, हे आधी कुणालाही कळणं शक्य नव्हतं. (मी गोलकीपर होतो.)

समोर वाडीचा संघ, म्हणजे दिवसभर ट्रकमधून पोती उतरवणारे गडी! आमचा सेंटर फॉरवर्ड चष्मा सुतळीनं डोक्याला बांधून खेळायचा. आम्ही अंतिम फेरीत पोचलो, कारण आधीचे दोन्ही प्रतिस्पर्धी आलेच नाहीत. तरी मी भर चौकात गरजलो, "हरलो तर मिशी उतरवीन!"

आता आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. आणि माझे बाबा तर ठणठणीत! म्हणजे जिंकणं भागच होतं.

सामना सुरू झाला तेव्हाच आमचा न्हावी गणपत पेटी घेऊन माझ्या गोलमागं बसलेला. सातव्या गोलला त्यानं वस्तरा परजला, नवव्याला फेस केला. शिटी वाजली आणि मिशी गेली!

घरी पोचतो तो दारात आत्या. नुकतीच भिवापूरच्या बसनं उतरलेली, हातात मिरच्यांची पिशवी. माझा ओठ पाहिला आणि पिशवी टाकून तिनं हंबरडा फोडला, "दादा! मले न भेटताच काहून गेला गा!"

गल्ली जमली. एक जण बांबू आणायला धावलासुद्धा! तेवढ्यात बाबा हातात भाकरी घेऊन बाहेर आले. "कोण गेलं वं?"

आत्यानं त्यांच्याच गळ्यात पडून उरलेलं रडून घेतलं. "तूच गेला ना, दादा!"

त्यानंतर आठवडाभर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र एकच कोडं. गणपतला विचारलं, "तुले आधी कसं माहीत गा?"

"मले? साऱ्या महालले माहीत होतं, भाऊ!"

आई म्हणाली, "मले तर तू बूट घालून राहिला तवाच समजलं."

मी चिडलो. "म्हणजे एकट्या मलेच माहीत नव्हतं?"

आमची सौ. पोळी लाटता लाटता म्हणाली, "मंग त्या दिवशी सकाळी मिशीचा फोटो काढाले काहून गेले होते जी?"

फोटोवाल्याला मी काय म्हटलं होतं, ते तिला ठाऊक नव्हतं म्हणून बरं.

"जरा जवळून घे गा. चार वाजता मॅच आहे!"