चार बांगड्यांची घोळ

"मास्तरानू, ती घोळ खंय आसा? आधी माका दाखवा!"

शाळेच्या वाचनालयाच्या दारात रिकामी पाटी आपटून मासे विकणारी एक बाई ओरडत होती. आवाज असा, की कुंपणापलीकडच्या माडाचे दोन नारळ खाली आले. खोटं वाटत असेल तर एक धरा. तिची मुलगी, आमच्या आठवीतली, कपाटाजवळ पुस्तकांवर नंबर चिकटवत होती. ती जागच्या जागी थिजली.

"चार बांगडे हाडलेले हिच्या बापाशीन, चार! आणि तुमच्या त्या कंप्युटरात चेडवाएवढी घोळ? आता रापणवाले इचारतत, आमचो वाटो खंय?"

साल दोन हजार नऊ. मी मराठीचा मास्तर, वाचनालय माझ्याच गळ्यात. त्याचा ब्लॉग काढायची टूमही माझीच. मुलांनी पुस्तक वाचावं, मग आपल्या घरातलं काहीतरी लिहावं. मी ते मालवणच्या सायबर कॅफेत टाइप करावं आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनी हापिसात बसून वाचून खाली कॉमेंट टाकावी. पहिल्या महिन्यात नऊ कॉमेंट आल्या. मी हेडमास्तरांना नव्वद सांगितल्या. कसालपर्यंत बातमी गेली तेव्हा नऊशे झाल्या होत्या, पण तो सगळा दोष काही माझा नव्हे.

या मुलीने लिहून दिलं होतं: बाबा रापण ओढून आले. वाट्याला चार बांगडे आले. आईने तिखलं केलं. शेपटीचा तुकडा मला मिळाला.

बस्स, एवढंच. चार बांगड्यांना कॉमेंट कोण देणार, असं मला वाटलं. टाइप करता करता बांगड्यांची सोन्याच्या मोलाची घोळ मासळी झाली, घोळ मुलीच्या उंचीची झाली, आणि रंगत यावी म्हणून बाबांनी ती तिन्हीसांजेला मागच्या वाटेने घरी आणली. खाली नाव मुलीचं.

मागच्या वाटेने! मी याच किनाऱ्यावर वाढलो. रापणीच्या लांबलचक जाळ्यातला मासा सगळ्यांसमोर वाळूत ओततात आणि दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाला त्यातला वाटा मिळतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मागच्या वाटेने मासा नेणारा म्हणजे चोर. रापणीतल्या एकाच्या मुलाने मुंबईत हे वाचलं, खाली 'वा, मस्त' लिहिलं आणि संध्याकाळी घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या बाबांना सांगण्यात आलं, दोरीक हात लावू नको.

आता ती बाई माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. एरवी माझ्या तोंडून वाक्यांची रापण निघते. पण मी एकदम कचेरीतल्या मराठीत शिरलो.

"मुलांची कल्पनाशक्ती असते हो. आपण तरी कुठे कुठे लक्ष ठेवणार?"

आई लेकीकडे वळली. "तू लिवलंस गो असा?"

मुलीने आईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट उघडला. त्या दिवशी रविवार असता तरी उघडला असता.

चार दिवस मला बांगडा गिळवला नाही. पाचव्या दिवशी किनाऱ्यावर गेलो आणि सगळ्या रापणवाल्यांसमोर सांगून टाकलं की घोळ माझी, मागची वाटही माझी. ते हसून हसून वाळूत बसले. "मास्तर, पुढच्या येळेक देवमासो घाला!" तिच्या बाबांच्या हातात तिथल्या तिथे दोरी दिली. बाबा मात्र हसले नाहीत.

ब्लॉगवर मी मुलीची चार वाक्यं जशीच्या तशी परत टाकली. त्यांना एकही कॉमेंट आली नाही.

मग तिला वाचनालयात बोलावलं, कोरी वही पुढे केली. "आता तू लिही. एक अक्षर बदलणार नाही."

तिने वही टेबलावर सरळ ठेवली.

"तुमीच लिवा, सर. तुमका बरा जमता."