ब्रायर आणि बकआय

ओहायोतल्या हॅमिल्टन गावच्या तिजोऱ्यांच्या कारखान्यात एल्झी डीटनला एल्झी म्हणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीच्यांसाठी तो ब्रायर होता. ब्रायर म्हणजे काटेरी झुडूप, माळावर कुठेही उगवणारं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरखडणारं. केंटकीच्या डोंगरातून पोटासाठी नदी ओलांडून जो ओहायोत आला तो ब्रायर. मग तो कुठल्या खोऱ्यातला, कोणाचा मुलगा, याच्याशी इथे कोणाला कर्तव्य नव्हतं. ओहायोच्या लोकांनाही टोपणनाव होतं. ते स्वतःला बकआय म्हणवून घेत. बकआय म्हणजेही एका रानटी झाडाची बी, तपकिरी, तुळतुळीत आणि खाल्ली तर विषारी. पण ते नाव त्यांनी आपणहून घेतलं होतं, म्हणून टोपीवर छापून मिरवत. ब्रायर हे नाव कोणी टोपीवर छापत नव्हतं.

टोपणनावाची चीड एल्झीला मुळात नव्हती. तरुणपणी तो कोरियाच्या लढाईत होता, आणि तिथे तुकडीत कोणालाच खरं नाव नव्हतं. इंडियानाचा तो हूझियर, नॉर्थ कॅरोलायनाचा तो टारहील, ओक्लाहोमाचा तो सूनर आणि एल्झी केंटक. सार्जंट शिव्याही त्याच नावांनी द्यायचा आणि सगळ्यांना सारख्याच द्यायचा. हूझियर म्हणजे नेमकं काय, हे त्या हूझियरलाही ठाऊक नव्हतं; तरी कोणी त्याच्या इंडियानाला नावं ठेवली की तो बाह्या सरसावून उठायचा. कपडे धुणारी कोरियन बाई मात्र यातलं काहीच जाणत नव्हती. तिच्या लेखी सगळे अमेरिकन. एल्झी पुढे बायकोला सांगायचा, "उभ्या जन्मात मला नुसता अमेरिकन म्हणणारी ती एकटीच. तिनेही माझे दोन सदरे हरवले."

लढाईहून परतल्यावर लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात त्याच्यासाठी काम नव्हतं. थोरला भाऊ हर्शेल कोळशाच्या खाणीत होता, पण खाणीही माणसं कमी करत होत्या. एल्झीने शेजारच्या खोऱ्यातल्या ओपलशी लग्न केलं आणि डोंगरातले शेकडो जण गेले तसा तोही उत्तरेला गेला. जाताना आईला सांगितलं होतं की चार पैसे जमले की परत येतो. असं त्या काळी सगळेच सांगत.

कारखान्यात पहिल्याच आठवड्यात त्याचं हसं झालं. मुकादम क्रेमर याला तो काहीतरी सांगत होता. त्याचे डोंगरी उच्चार क्रेमरला कळले नाहीत आणि त्याने विचारलं, "प्लीज?" हॅमिल्टनकडे नीट ऐकू आलं नाही की लोक असंच विचारतात. 'काय म्हणालात?' एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या जर्मन पणज्यांकडून आलेली खोड आहे ती. पण एल्झीच्या डोंगरात प्लीज म्हणजे विनवणी. साहेब आपल्याकडे काहीतरी मागतोय, असं समजून त्याने हातातला हातोडा पुढे केला. क्रेमर पुन्हा म्हणाला, "प्लीज?" एल्झीने खिशातला पान्हाही काढून दिला.

हा किस्सा कारखान्याला वर्षानुवर्षं पुरला. ब्रायरला तिसऱ्यांदा प्लीज म्हणू नका, पँट उतरवून देईल, असं नव्या कामगारांना बजावून सांगत. दुसरेही विनोद होतेच. अनवाणी ब्रायर लोक ओहायोत का येतात, तर पुलावर फुकट बूट वाटतात म्हणून. शुक्रवारी भोंगा दोनदा का होतो, तर एकदा सुट्टीसाठी आणि एकदा 'सोमवारी परत या' अशी ब्रायरांना आठवण करून देण्यासाठी. एल्झीही हसायचा. न हसणाऱ्याला हे लोक जास्त छळतात, हे त्याला लवकर कळलं होतं.

हसता हसता त्याने आपली जीभ मात्र बदलली. आखूड बोलायला शिकला, स्वर लांबवायचे सोडले, डोंगरातले शब्द गिळले. पोलादाच्या ठणठणाटात त्याचा उजवा कान कामातून गेला, तेव्हा तर दर दुसऱ्या वाक्याला समोरच्याला पुन्हा विचारावं लागे. मग तोही इथल्यासारखाच विचारू लागला. सुरुवातीला मुद्दाम, पुढे आपोआप. ओपल चिडवायची की तू आता झोपेतही प्लीज म्हणतोस.

शुक्रवारचा भोंगा झाला की ती दोघं गाडीत बसून नदीपार जात. रविवारी संध्याकाळी परत. आई असेतोवर हे चाललं, आई गेल्यावरही चाललं. मुलगा रँडी लहान असेपर्यंत मागच्या सीटवर झोपून यायचा. मोठा झाल्यावर त्याने यायचं सोडलं. त्याचा जन्म हॅमिल्टनचा. जेवायला बसला की शाळेत ऐकलेला ब्रायरांचा विनोद ऐकवायचा. एकदा एल्झीने त्याला विचारलं की तू मुलगा कोणाचा आहेस, ते विसरलास का. रँडी शांतपणे म्हणाला, "डॅडी, तुम्ही ब्रायर आहात, त्याला मी काय करू? मी बकआय आहे. इथेच जन्मलो ना मी?"

त्यात खोटं काही नव्हतं.

एकदा एल्झीची गाडी बंद पडली म्हणून ती दोघं रँडीची गाडी घेऊन लॉरेल फोर्कला गेली. मागच्या बाजूला ओहायोच्या फुटबॉल संघाची पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर ठळक अक्षरांत बकआय. हर्शेलचा मुलगा डॉनी अंगणातच उभा होता. तो आत बघून ओरडला की बकआय आलाय, जपून राहा, दिसायला छान आणि खायला विष. सगळे हसले. एल्झीही हसला. हर्शेलने मुलाला गप्प केलं नाही. त्या दिवसापासून नदीच्या दक्षिणेला एल्झीकाकाचं नाव बकआय पडलं. उच्चारांतही तो सापडायचा. बोलताना एखादा शब्द आखूड पडला की कोणीतरी तो तसाच म्हणून दाखवायचं. एल्झी दोन्हीकडे सारखंच हसायला शिकला.

ओपल आजारी पडली तेव्हा या हसण्याचा उपयोग संपला. पोटाचा कर्करोग होता आणि उशिरा कळला होता. डॉक्टरांनी फार तर पानगळीपर्यंत, असं सांगितलं. ओपल रडली नाही. तिने एकच मागणं मागितलं.

"मला इथल्या त्या सपाट गवतात पुरू नकोस. ना चढ, ना झाड, दोन्ही बाजूंना परकी माणसं. मेल्यावरही मला ब्रायरच म्हणतील ती. मला डोंगरावर ने, तुझ्या आईच्या जवळ."

ओपलच्या माहेरची टेकडी खाणवाल्यांनी कधीच पोखरून टाकली होती. तिची माणसं पांगली होती. राहिली डीटनांची दफनभूमी, लॉरेल फोर्कच्या वर, ओकच्या झाडांत. ती कोणाच्या नावावर नव्हती. घरातला थोरला पुरुष सांगेल तिथे खड्डा खणायचा, ही रीत. थोरला आता हर्शेल होता. एल्झी म्हणाला की विचारायची गरजच नाही, माझ्या आईची जागा आहे ती. पण गरज आहे, हे त्याला माहीत होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी डोंगरावर थडगी साफ करायचा दिवस असतो. सगळे भाऊबंद फावडी, कोयते आणि कागदी फुलं घेऊन चढतात, गवत काढतात, माती सारखी करतात, पाद्री प्रार्थना करतो आणि मग झाडाखाली चादरी अंथरून जेवणं होतात. ओपलला चढण झेपणार नव्हती. एल्झी एकटाच आला होता. हर्शेलची बायको ज्युएल हिने त्याला तळलेली कोंबडी, चरबीत शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव वाढला आणि ओपलची चौकशी केली. तो म्हणाला की बरी आहे. नंतर म्हणाला की बरी नाही.

हर्शेल आईच्या थडग्यापाशी उकिडवा बसला होता. खाणीच्या धुळीने त्याची छाती भरली होती. दोन वाक्यांमध्ये दम घ्यावा लागे आणि बोलणं पुटपुटल्यासारखं होई. एल्झी त्याच्याजवळ गेला, टोपी काढली आणि सगळं सरळ सांगितलं. ओपलची इच्छा, डॉक्टरांची मुदत. आईच्या शेजारी दोन जागा हव्यात, एक तिला आणि वेळ आली की एक मला.

हर्शेल जमिनीकडे बघत काहीतरी म्हणाला. एल्झीला फक्त ओठ हलताना दिसले.

"प्लीज?" त्याने विचारलं.

हर्शेलने मान वर केली. आजूबाजूच्या चादरींवरचं बोलणं थांबलं. हर्शेलने चेहरा फिरवून तेच पुन्हा म्हटलं असावं, आणखी हळू. एल्झी चांगला कान पुढे करून वाकला. एका हातात टोपी होती, दुसरा हात तोल जाऊ नये म्हणून आईच्या दगडावर टेकला होता.

"प्लीज?"

डीटनांच्या घरात कोणी कोणापुढे हात पसरलेला नव्हता. बाप उपाशी मेला असता, पण सरकारी धान्याच्या रांगेत उभा राहिला नाही. हर्शेलचे कान लाल झाले. तो धडपडत उठला आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा गोळा करून बोलला, म्हणून या वेळी टेकडीवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुरे झालं. वाकू नकोस असा. आईच्या शेजारी नाही देता येणार, ती इथे राहिलेल्यांची जागा आहे. खाली कुंपणाला लागून ओपलला पुर. पण चारचौघांत असं तोंड वेंगाडून मागू नकोस रे. आपण कोण आहोत, ते तरी आठव."

डॉनी चादरीवरून म्हणाला, "ओहायोत हेही शिकवतात वाटतं. नाक घासायचं."

ज्युएलने त्याला दटावलं. एल्झीला आता कळलं, काय झालं ते. मी भीक मागितली नाही, मला ऐकू आलं नाही म्हणून विचारलं, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण तसं सांगितलं, तर हर्शेलचं आधीचं उत्तर कायम राहणार होतं, आणि ते उत्तर 'नाही' होतं, हे आता सगळ्या टेकडीला कळलं होतं. कुंपणाजवळची जागा त्या विनवणीला मिळाली होती. विनवणी नव्हतीच म्हटलं, तर जागाही नव्हती.

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "उपकार झाले, हर्शेल."

"आणि तुझं पुढचं पुढे बघू," हर्शेल म्हणाला. हे त्याला नीट ऐकू आलं.

घरी ओपल उशीला टेकून जागी होती. जागा मिळाली म्हटल्यावर तिने डोळे मिटले. मग विचारलं, "हर्शेल लगेच हो म्हणाला?"

"लगेच."

"मागावं नाही ना लागलं तुला?"

"मागायचं काय त्यात? भाऊ आहे माझा."

आईच्या कुठल्या बाजूला, असं तिने विचारलं. तो म्हणाला, जवळच.

ओपल सप्टेंबरात गेली. क्रेमरचा मुलगा आता मुकादम होता. सुट्टी मागायला गेल्यावर त्याने मनापासून दुःख व्यक्त केलं आणि मग म्हणाला की ब्रायर लोकांचं हे बरं असतं, मेल्यावर तरी घरी जातात. रँडी शवपेटीला खांदा द्यायला आला. खड्डा कुंपणाला लागून, उताराच्या टोकाला होता. वरून आईचा दगड अर्धाच दिसत होता. पलीकडे दुसऱ्याची गुरं चरत होती. रँडीने विचारलं की आपल्याच माणसांत एवढ्या लांब का. एल्झी म्हणाला की तिला सावली हवी होती.

पुढच्या मे महिन्यात एल्झी एकटाच डोंगर चढला. ओपलवरचं गवत त्याने हातानेच काढलं. जेवणं झाल्यावर डॉनीने लहान मुलांना जमवलं आणि बकआयकाकाने गेल्या वर्षी कसं प्लीज प्लीज केलं, ते करून दाखवलं. कान पुढे, एक हात दगडावर, दुसऱ्या हातात टोपी. हुबेहूब केलं त्याने. मुलं लोळून हसली. हर्शेल हसला, खोकला, पुन्हा हसला. कोणीतरी एल्झीला म्हटलं की तू स्वतःच करून दाखव, तुझ्या तोंडून जास्त मजा येईल.

ओपलचं थडगं आणि कुंपण यांच्यात जमिनीची एक पट्टी मोकळी होती. एक माणूस मावेल एवढी. तिच्याबद्दल हर्शेल अजून हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता.

एल्झीने टोपी काढून हातात घेतली आणि मुलांसमोर वाकला.