नंबरकाकांचा पाय

चपलाबुटांच्या त्या दुकानात नंबरकाका एकतीस वर्षं काम करत होते, आणि एकतीस वर्षांत एकाही पायाने त्यांना चकवलं नव्हतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की काका चष्म्यावरून एकदाच खाली बघत आणि सांगून मोकळे होत, "सहा. उजवा जरा मोठा आहे, माहितीये ना?" गिऱ्हाईकाला ते बहुधा माहीत नसायचं. मग काका त्याला मापाच्या लोखंडी पट्टीवर उभं करत, आणि पट्टी मुकाट्याने काकांचीच री ओढत असे. बसल्या बसल्या माप द्यायला निघालेल्याला मात्र ते फैलावर घेत. "बसलेला पाय खोटं बोलतो. उभे राहा, वजन टाका. बूट घालून तुम्ही चालणार आहात की बसणार?"

असा हा माणूस साठीला टेकल्यावर जिममध्ये जायला लागला. हौस म्हणून नव्हे हो, बायकोपायी. काकूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. एकदा खाली बसलं की दोन्ही हातांचा टेकू आणि वर कोणाचा तरी दंड धरल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. "मला आता क्रेन लागते," असं त्या हसून सांगत, पण त्यांनी एकटीने बाहेर जाणं सोडलं होतं. वाटेत बाकावर टेकलं तर उठवणार कोण? डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं नंतर बघू, आधी मांड्यांत ताकद आणा. काकूंनी अट घातली, "त्या तरण्याताठ्या पोरांत मी एकटी जाणार नाही. तुम्ही याल तर येईन. आणि तुमचं काही दुखलंखुपलं तर दोघांनीही थांबायचं. कबूल?"

काकांनी कबूल केलं आणि तिथेच फसले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा डावा पाय बोलू लागला. ट्रेडमिलवर दहा मिनिटं झाली की बोटांना मुंग्या यायच्या, मग चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाचेतून अशी कळ यायची की काका भिंतीला धरून "काय सुंदर ऊन पडलंय" असं काहीतरी बोलत उभे राहायचे. काकू पलीकडे खुर्चीवरून उठण्याबसण्याचा व्यायाम मोजत असायच्या. आधी पाच, मग आठ, आणि दर वेळी खुर्चीचे हात घट्ट धरून. काका थांबले तर त्याही थांबतील, आणि एकदा थांबल्या की पुन्हा दाराबाहेर पडणार नाहीत, हे काकांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून ते पाणी प्यायला जायचे आणि तिथे गुपचूप बुटांच्या नाड्या सैल करायचे. भिंतीवरचे नियम तर त्यांनी इतक्यांदा वाचले की पाठच झाले.

गंमत म्हणजे तोवर सगळी जिम त्यांच्याकडे पाय दाखवायला येऊ लागली होती. वजनं उचलणाऱ्या एका गड्याला त्यांनी सुनावलं, "गादीसारख्या तळाचा बूट घालून एवढं ओझं उचलतोस? पाय डुगडुगणार नाही तर काय! सपाट तळाचा घे." एका मुलीच्या बुटांच्या नाड्या त्यांनी स्वतः सोडून नव्याने बांधल्या, आणि आठवड्याभरापासून बधिर पडणारी तिची बोटं त्याच दिवशी जागी झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

तिथे व्यायाम शिकवणारी पोरगी मात्र चाणाक्ष होती. तिने त्यांना कोपऱ्यात गाठलं. "काका, लंगडताय."

"छे! माझी चालच तशी आहे."

"मागच्या महिन्यात नव्हती." तिने त्यांना भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायला लावल्या, थंड पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली आणि दोन आठवडे ट्रेडमिल बंद करून सायकलवर बसवलं. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरला दाखवायचं, असा दमही भरला. टाच दहा दिवसांत बरीच निवळली. बोटं काही ऐकेनात.

"बुटांचा नंबर किती?" तिने विचारलं.

"सात."

"शेवटचा कधी मोजला होता?"

काकांनी मनातल्या मनात हिशोब केला. लग्नातल्या बुटांसाठी मोजला होता. त्यानंतर दर दोन वर्षांनी फळीवरून सातचा खोका काढायचा आणि पायात चढवायचा, एवढंच. पण हे त्या पोरीपुढे कोण कबूल करणार? "तू मला नंबर शिकवतेस?" असं म्हणून ते तणतणत निघाले.

त्या दिवशी घराचा जिना चढताना काकूंनी त्यांना पकडलंच. "लंगडताय तुम्ही! ठरलं होतं ना? उद्यापासून बंद." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा जास्तच खुलला होता.

"एक दिवस दे. उद्या संध्याकाळी दुकानात ये."

संध्याकाळी पाय दिवसभराच्या चालण्याने पसरलेला असतो आणि माप खरं मिळतं, हे काका गिऱ्हाइकांना घोकून सांगत आले होते. पण स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही. वाकलं की वजन हलतं. आणि दुकानातल्या पोरांपुढे हसं करून घेण्यापेक्षा बायकोपुढे झालेलं परवडलं. पोरं चहाला गेल्यावर ते मोजे काढून पट्टीवर उभे राहिले.

"इथून आकडा दिसत नाही," असं म्हणत काकू काकांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या, पट्टीची सरकती कडी अंगठ्याला भिडवली आणि चष्मा वर सारला. "आठ. आठच्याही किंचित वर."

"नीट बघ."

"बघितलं. तुमची पट्टी खोटं बोलते का?" आणि मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, जगाला नंबर वाटत फिरता आणि स्वतःचा पाय पस्तीस वर्षं सातात कोंबताय!"

काका कानापर्यंत लाल झाले, मग तेही हसायला लागले. "वयाबरोबर पसरतो पाय. मीच सांगतो सगळ्यांना."

"आठ कुठल्या फळीवर?" काकू गेल्या आणि खोक्यांवरचे आकडे वाचू लागल्या. "हे रुंद चवड्याचे चालतील?"

काकांचं हसू थांबलं होतं. ते स्टुलाकडे बघत होते. स्टूल वीतभर उंच, त्याला ना पाठ, ना हात.

"अगं, तू उठलीस."

"मग काय बसून राहू?" काकू म्हणाल्या, आणि खोका हातात तसाच धरून वळल्या. त्यांनी स्टुलाकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"थांबा," काकू म्हणाल्या. खोका काकांच्या हातात दिला, परत स्टुलावर बसल्या आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, असं चालूच राहिलं. काका अनवाणी पट्टीवर उभे राहून मोजत होते.

"चार!" ते ओरडले.

"ओरडू नका," काकू धापा टाकत म्हणाल्या, "आणि ते बूट घाला बघू पटकन. उद्या सहालाच निघायचंय."