नणंदेच्या गावाभोवतीचा लाल गोल

आमच्या ऑफिसात गाड्यांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आहे. जालन्यातून टेम्पो बियाणं आणि खत भरून निघतात, तालुक्याच्या कृषी केंद्रांवर माल उतरवतात आणि परत येतात. शेठनी सगळ्या टेम्पोंना जीपीएस बसवलं आणि मला नकाशावर कुंपण घालायला शिकवलं. हे कुंपण म्हणजे बोटाने काढलेला गोल. गाडी गोलात शिरली की माझा मोबाइल वाजतो, बाहेर पडली की पुन्हा वाजतो. जिथे गाडीने जायचंच नाही, तिथे लाल गोल. त्यात कोणी शिरलं की शेठचाही मोबाइल वाजतो, आणि मग त्या ड्रायव्हरची काही खैर नसते.

यातला एक टेम्पो माझा नवरा चालवतो आणि दुसरा माझा धाकटा भाऊ. भावाला ही नोकरी मीच लावून दिली.

नवऱ्याची फेरी भोकरदनकडची. त्याची धाकटी बहीण पिंपळगाव रेणुकाईला दिलेली आहे. जीपीएस लागलं आणि मला दिसायला लागलं, की याचा ठिपका दर फेरीला रस्ता सोडून गावात वळतो आणि नणंदेच्या घरापाशी जाऊन बसतो. जेवण होऊन वर चहा होईपर्यंत हलत नाही. इकडे मी पहाटे उठून डबा बांधायची, डबा रिकामा परत यायचा, आणि मी आपली खूश. विचारलं तर म्हणाला, "डबा हमालाला देतो. बहिणीच्या गावावरून न जेवता कसं जायचं? तिला बरं वाटंल का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण डब्यासाठी नव्हे, खोटं कशाला बोलू.

आमचं घर अंबड रस्त्याला लागूनच आहे. भावाची फेरी अंबड, अंकुशनगरची, म्हणजे जाता-येता तो माझ्या दारावरूनच जातो. मी हौसेने माझ्या घराभोवती एक हिरवा गोल काढून ठेवला होता. सकाळी मी ऑफिसला निघायच्या आत भाऊ आला की मोबाइल वाजेल, उठून चहा ठेवता येईल. मोबाइल रोज वाजायचा. गाडी आत आली, आणि पाठोपाठ, गाडी बाहेर गेली. आधण ठेवायलासुद्धा सवड नाही. कधी टोकलं तर म्हणायचा, "गाडीत माल असतो ताई, थांबता येत न्हाई."

माल काय माझ्या नवऱ्याच्या गाडीत नसतो?

एकाच पडद्यावर दोन ठिपके. एक बहिणीकडे वळणारा, एक बहिणीच्या दारावरून सरळ जाणारा. रोज बघून बघून माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी मी पिंपळगाव रेणुकाईवर लाल गोल काढला. भरल्या गाडीने रस्ता सोडायचा नाही, हा शेठचाच नियम होता. मी तो जरा मन लावून पाळला, इतकंच.

दुसऱ्याच फेरीला शेठनी नवऱ्याला बोलावून झाडलं. गोल कोण काढतं हे त्याला ठाऊक होतं. घरी आल्यावर भांडेल म्हणून मी तयारीत बसले होते. तो हातपाय धुऊन एवढंच म्हणाला, "बरं मंग." आणि जेवायला बसला.

चार दिवसांनी नणंदेचा फोन आला. तिला माझा पराक्रम माहीत नव्हता. "वैनी, ती मशीन म्हणे दादाच्या गाडीला गावात येऊ देईना. मंग म्या म्हणलं, तू नको येऊ, मीच येते फाट्यावर. आज धपाटे नेल्ते. उभ्या उभ्या खाल्ले बघा त्यानं." ती हसत होती.

मी नकाशा उघडून आजची फेरी पाहिली. माझ्या लाल गोलाला लागून, पण बरोबर बाहेर, ठिपका थांबलेला होता.

आता मला राहवेना. अर्ध्या दिवसाची रजा काढली, धपाटे केले, भावाला फोन लावला. "येताना थांब. दह्यासंगं खायाला धपाटे केलेत." तो म्हणाला, "बघतो ताई." मी डबा घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. मोबाइल वाजला. टेम्पो दिसला. त्याने हॉर्न दिला, काचेतून हात बाहेर काढला आणि ओरडला, "जल्दीत हाय गं ताई! फोन करतो!" मोबाइल पुन्हा वाजला.

घरात येऊन मी तो लाल गोल उघडला. फाटाही त्यात घ्यावा, एवढंच मनात होतं. बोट लावून कड ओढली, गोल मोठा झाला. मग लक्षात आलं, की नणंद आणखी पुढे चालत येईल आणि तो तिथेही थांबेल. कड होती तिथे सोडून दिली आणि गार झालेले धपाटे एकटीनेच खाल्ले.