आत्मकथन द्या ना, बाई

कादंबरीकार धम्मप्रियाचं लेखन पहिल्यांदा छापून आलं ते लातूरच्या एका क्लासच्या जाहिरातीत.

चाकूरकडच्या बौद्ध घरात ती जन्मली तेव्हा तिचं नाव आनंदराज ठेवलं होतं. किल्लारीच्या भूकंपात त्यांच्याही घराच्या भिंती बसल्या आणि बिऱ्हाड पत्र्याच्या शेडात आलं. मदतीच्या गाड्यांतून उतरणारी मंडळी "काय गमावलंस, बाळा?" विचारत. रडणाऱ्याला ब्लँकेट आधी मिळे. तिला रडू येत नसे. म्हणून तिनं एक आत्या रचली. ती आत्या दर गाडीला नव्यानं मरायची.

वडील रामकिशन तहसीलीत शिपाई. त्यांनी लेकराला डॉक्टर करायला लातूरला धाडलं. तेव्हा लातुरात माणूस एकतर डॉक्टर होत असे, नाहीतर होणाऱ्यांसाठी मेस चालवत असे. तिला दोन्ही जमलं नाही. मग क्लासच्या सरांनी तिला गुणवंतांच्या मुलाखती लिहायला ठेवलं. ज्या पोरानं क्लासची पायरी पाहिली नव्हती, तेही तिच्या लेखणीतून सरांचे पाय धरी. सर बेहद्द खूश.

एक दिवस ती साडी नेसून कामावर आली आणि म्हणाली, "सर, माझं नाव आता धम्मप्रिया."

सर गंभीर झाले. "पालकांचा विश्वास असतो आपल्यावर. इथं खोटेपणा चालत नाही."

ती नांदेडला गेली. एका छापखान्यात मुद्रितं तपासू लागली. गावात रामकिशन सांगत, "पोरगं दुबईला हाय." कल्पनाशक्ती घराण्यातच होती.

मग तिनं कादंबरी लिहिली. देगलूरचा म्हातारा कापडवाला मलप्पा, डोळे गेलेत हे बायको गुरम्मापासून लपवून रोज कापड मोजतो, त्याची. पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला, "छान लिहिता. पण आत्मकथन द्या ना, बाई. तुमचं दुःख. कादंबरी काय, कुणीही लिहितं."

"मग कुणीतरी लिहिली असं समजून छापा."

त्यांनी छापली नाही. नांदेडच्याच एका छोट्या प्रकाशकानं छापली, आणि तिला मोठा पुरस्कार मिळाला. समारंभात प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक न उघडताच सांगितलं, "ही लेखिकेची स्वतःची जळजळीत व्यथा आहे!"

धम्मप्रिया माईकपाशी आली. "साहेब, ही एका म्हाताऱ्या दुकानदाराची गोष्ट आहे. मला कापड मोजता येत नाही, आणि लग्नही झालेलं नाही."

पाहुण्यांनीच सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. व्यथा त्यांना पोचली होती.

आई सरजाबाई नवऱ्याला न सांगता एसटीनं आली होती. जेवताना धम्मप्रियानं भीत भीत विचारलं, "माय, वाचलंस का?"

"हाव. बोट ठिवून वाचलं. त्यो मलप्पा लई लबाड हाय. गुरम्माला खरं कवा सांगणार त्यो?"

"न्हाई सांगत. पुस्तक संपलं तिथं."

"असं कसं संपलं?" सरजाबाईनं हातातला घास ताटात ठेवला. "ती बाई बिचारी, त्यो कवा सांगल म्हणून रोज वाट बघायली, अन् तू खुशाल संपवलंस? काळीज हाय का न्हाई तुला?"

मलप्पावरून धम्मप्रियाशी पहिल्यांदाच कुणी भांडत होतं.